हृदयकृमीपासून कुत्र्याचे रक्षण : प्रतिबंधपद्धतीच्या निवडीचा इतिहास

१

औषधांचा इतिहास लिहिताना शोधाचा इतिहास सांगावयाचा आणि निवडीचा इतिहास सोडून द्यावयाचा, अशी एक वहिवाट पडली आहे. कोणते द्रव्य कोणत्या साली कोणाच्या हाती लागले, याची नोंद कटाक्षाने होते. परंतु ते हाती आल्यावर किती दिवसांच्या अंतराने द्यावयाचे, कोणी द्यावयाचे, आणि देण्याचे राहून गेले तर त्याचे परिणाम कोणी भोगावयाचे, हे प्रश्न कसे सुटत गेले याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात कुत्र्यांच्या हृदयकृमीचे उदाहरण घेऊन या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाचा थोडा ऊहापोह करावयाचा आहे.

विषय वरवर पाहता लहान वाटेल. आज अमेरिकेत कुत्रा पाळणाऱ्या गृहस्थासमोर पशुवैद्य अनेक पर्याय ठेवतो : महिन्यातून एकदा खावयाची गोळी, महिन्यातून एकदा मानेच्या कातडीवर सोडावयाचे थेंब, सहा महिन्यांनी टोचावयाची सुई किंवा वर्षातून एकदाच टोचावयाची सुई. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी याच गृहस्थाच्या वडिलांना एकच पद्धत ठाऊक होती, आणि ती म्हणजे रोज एक गोळी. रोज, महिना, सहा महिने, वर्ष असा हा क्रम आहे. याला सामान्यतः प्रगतीचा क्रम समजले जाते. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासणे हाच या लेखाचा हेतू होय.

२

प्रतिबंध कशाचा करावयाचा हे कळल्याखेरीज पद्धतीची निवड संभवत नाही. म्हणून प्रथम कृमीच्या ज्ञानाचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे.

१८५६ साली अमेरिकन प्रकृतिशास्त्रज्ञ जोसेफ लायडी याने कुत्र्याच्या हृदयातील या लांब, दोऱ्यासारख्या कृमीला शास्त्रीय नाव दिले. पुढे या जातीचा समावेश डायरोफायलेरिया या प्रजातीत झाला आणि डायरोफायलेरिया इमिटिस हे नाव रूढ झाले. पूर्ण वाढलेली मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब असते. नर त्याहून बराच आखूड असतो. हृदयाच्या उजव्या बाजूस आणि फुप्फुसाच्या रोहिणीत हे कृमी पाच ते सात वर्षे वास्तव्य करू शकतात. कृमी कोठे राहतो हे अशा रीतीने शवविच्छेदनाने सांगितले. परंतु तो तेथे कसा पोहोचतो, हे मात्र त्यातून कळण्यासारखे नव्हते.

या कोड्याच्या उकलीचा पहिला धागा भारतात सापडतो. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी रिचर्ड्स लुइस या लष्करी डॉक्टराला माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी आढळले. हे हत्तीरोगाशी संबंधित कृमी होत. लुइसने आपला शोध माणसांपुरता ठेवला नाही. कलकत्त्याच्या रस्त्यांवरील बेवारशी कुत्र्यांच्या रक्ताचीही त्याने तपासणी केली. त्यानंतर १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने असे दाखविले की, रक्तातून डासाच्या पोटात गेलेला माणसाचा कृमी तेथे वाढू लागतो. मात्र डासाकडून तो माणसाकडे परत कसा जातो, याविषयी मॅन्सनचा तर्क चुकला. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिण्यात आल्याने कृमी शरीरात शिरतो, असे त्याला वाटले. हा तर्क खरा ठरता, तर प्रतिबंधाचा उपाय पाणी उकळणे एवढाच राहिला असता. मार्गाविषयीच्या कल्पनेवर प्रतिबंधाची कल्पना किती अवलंबून असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९०० साली हा तर्क मागे पडला. इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याचा हृदयकृमी डासाच्या दंशातूनच संक्रमित होतो असे दाखविले. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉर्ज कार्मायकेल लो याने माणसाचा कृमी डासाच्या सोंडेत पाहिला. माणसाच्या आणि कुत्र्याच्या कृमींचा इतिहास येथे पुन्हा शेजारी शेजारी चालताना दिसतो, आणि पुढेही तो तसाच चालत राहणार आहे.

जीवनचक्राचा तपशील त्यानंतर भरत गेला. कुत्र्याच्या रक्तातील सूक्ष्म कृमी डासाने शोषले की उष्ण हवेत सुमारे दोन आठवड्यांत त्यांच्या संक्रामक अळ्या होतात. डासाच्या दंशाबरोबर त्या कुत्र्याच्या कातडीत शिरतात. पहिल्या तीन ते बारा दिवसांत त्या एकदा कात टाकतात. दुसरी कात सुमारे पन्नास ते सत्तर दिवसांच्या सुमारास टाकली जाते. त्यानंतर कोवळे कृमी रक्तवाहिन्यांच्या वाटेने फुप्फुसाकडे जातात. सहा-सात महिन्यांनी त्यांची प्रजा रक्तात दिसू लागते. म्हणजे दंश आणि हृदय यांमध्ये दोनेक महिन्यांची एक मुदत असते. प्रतिबंधाच्या सर्व औषधी पद्धती या मुदतीत बसविलेल्या आहेत.

येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. ज्याला आपण प्रतिबंधक औषध म्हणतो, ते अळीला शरीरात शिरण्यापासून अडवीत नाही. ती शिरल्यानंतर आणि हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वी ते तिला मारते. महिन्याची गोळी येत्या महिन्याचे रक्षण करते असे कुत्रा पाळणाऱ्यास वाटते. वस्तुतः ती गेल्या महिन्याची बाकी चुकती करीत असते. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे व्यवहारात पुष्कळ घोटाळे झाले आहेत.

३

प्रतिबंधाची निकड वाटण्यास उपचाराचे स्वरूप कारणीभूत झाले. पूर्ण वाढलेल्या कृमीला मारण्यासाठी १९४० च्या दशकापासून सोमलाची संयुगे वापरली जाऊ लागली. सोमल हे विष. ते कुत्र्याच्या यकृतास आणि मूत्रपिंडास बाधू शकते. शिवाय कृमी मेला तरी त्याचे कलेवर फुप्फुसाच्या वाहिन्यांत अडकते, आणि उपचारानंतर कित्येक आठवडे कुत्र्याला हालचाल करू न देता ठेवावे लागते. १९९५ साली अमेरिकेत मान्य झालेले मेलार्सोमीन हे औषध पूर्वीच्या संयुगापेक्षा सुरक्षित खरे, परंतु तेही सोमलाचेच संयुग आहे आणि मेलेल्या कृमींचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. अशा उपचारापेक्षा कृमी हृदयात पोहोचूच न देणे श्रेयस्कर, हा विचार स्वाभाविकच होता.

त्यासाठी लागणारे पहिले औषध एका भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तयार झाले. आंध्रातील भीमावरम् येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळांच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या देखरेखीखाली डायएथिलकार्बामाझीन हे औषध पुढे आले आणि १९४७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याचे व्यापारी नाव हेट्राझान. औषधाचे उद्दिष्ट माणसाचा हत्तीरोग हे होते. पण ते कृमींवर चालते की नाही याची पारख कापूस-उंदरांवर आणि हृदयकृमीने ग्रासलेल्या कुत्र्यांवर करण्यात आली. म्हणजे कुत्रा या इतिहासात प्रथम प्रवेश करतो तो रोगी म्हणून नव्हे, तर माणसाच्या रोगाची कसोटी म्हणून. सुब्बाराव १९४८ साली निवर्तले. त्यांच्या औषधाचा कुत्र्यांना पुढे झालेला उपयोग त्यांना पाहावयास मिळाला नाही.

हा उपयोग जपानमध्ये स्पष्ट झाला. एस्. कुमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हृदयापर्यंत न पोहोचलेल्या कोवळ्या अवस्थांवर हे औषध चालविण्याचा मार्ग दाखविला. त्यानंतर अमेरिकेत डासांच्या मोसमात आणि तो संपल्यावरही सुमारे दोन महिने रोज गोळी देण्याची पद्धत रूढ झाली.

या पद्धतीत दोन कठोर अटी होत्या. पहिली अट नियमाची. औषध शरीरात फार काळ टिकत नसे आणि अळीच्या पहिल्या कातीच्या सुमारासच ते परिणामकारक ठरे. त्यामुळे दोन-तीन दिवसांचा खंडही संरक्षण तोडण्यास पुरेसा होता. दुसरी अट तपासणीची. ज्या कुत्र्याच्या रक्तात आधीच सूक्ष्म कृमी असत, त्याला ही गोळी दिल्यास तासाभरात प्राणघातक धक्का बसण्याचा संभव असे. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी रक्त तपासणे अनिवार्य होते. १९३९ साली जेम्स नॉट याने सांगितलेली, रक्त विरघळवून गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत या कामी उपयोगी पडली.

आज मागे वळून पाहताना या दोन अटींचे मूल्यमापन वेगवेगळे करावे लागते. पहिली अट हा पद्धतीचा दोष होता, यात शंका नाही. रोज न चुकता गोळी देणे हे माणसाच्या स्वभावास पेलणारे नाही. दुसरी अट मात्र दोष असूनही उपकारक होती. औषधाच्या धोक्यानेच तपासणीची शिस्त राखली होती.

४

पुढील टप्पा पुन्हा जपानमध्येच सुरू झाला. किटासातो संस्थेतील सातोशी ओमुरा यांनी शिझुओका प्रांतातील कावाना येथे गोळा केलेल्या मातीतून एक जीवाणू वेगळा काढला. १९७० च्या दशकात तो अमेरिकेतील मर्क कंपनीकडे गेला, आणि विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्यातील कृमिनाशक द्रव्य ओळखले. त्यात रासायनिक फेरफार करून आयव्हरमेक्टिन तयार झाले. १९८१ साली ते गुराढोरांसाठी बाजारात आले. कृमींच्या मज्जातंतूंतील आणि स्नायूंतील एका विशिष्ट प्रकारच्या क्लोराइड-मार्गांवर ते काम करते. हे मार्ग सस्तन प्राण्यांत नसतात. त्यांच्याशी साम्य असलेले मार्ग मेंदूत असतात, पण तेथे औषध सहसा पोहोचत नाही. या शोधाबद्दल २०१५ साली कॅम्पबेल आणि ओमुरा यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र एक अडचण निघाली. गुरांना किलोमागे २०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात दिले जाणारे औषध काहींनी कुत्र्यांना देऊन पाहिले, तेव्हा कॉली जातीच्या काही कुत्र्यांना झोकांड्या, ग्लानी अशी गंभीर मेंदुविकाराची लक्षणे झाली आणि काही दगावले. याचे कारण २००१ साली उलगडले. या कुत्र्यांच्या एका जनुकात चार अक्षरे गळालेली असतात, आणि त्यामुळे औषधाला मेंदूबाहेर ठेवणारे प्रथिन त्यांच्यात तयारच होत नाही. परंतु कारण कळण्यापूर्वी निवड करणे भाग होते. ती अशी झाली की, हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी मात्रा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणण्यात आली. गुरांच्या मात्रेच्या मानाने ती तिसाव्या हिश्शाहूनही कमी आहे. एवढ्या अल्प मात्रेनेही कोवळ्या अळ्या मरतात आणि कॉलीला बाधा होत नाही. १९८७ साली अमेरिकेत महिन्याच्या गोळीस मान्यता मिळाली. त्याच वर्षी मर्कने आफ्रिकेतील नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगासाठी हेच औषध माणसांना विनामूल्य देण्याची घोषणा केली. कुत्रा आणि माणूस यांची वाट पुन्हा एकत्र आली होती.

ही मासिक मुदत कोठून आली, हा प्रश्न उद्बोधक आहे. अळी तीस दिवसांनी औषधाच्या टप्प्याबाहेर जाते असे नाही. सुमारे दीड महिन्यापर्यंतची अळी या औषधाने मारता येते. तीस दिवसांचे अंतर ठरविले गेले ते कालगणनेच्या सोयीसाठी आणि विसरणाऱ्याला काही दिवसांची सवलत मिळावी म्हणून. कृमीच्या कालमानात माणसाच्या विसराळूपणासाठी जागा राखून ठेवलेली अशी ही मुदत आहे. पाठोपाठ १९९० साली मिल्बेमायसिन आले, १९९९ साली कातडीवर लावावयाचे सेलामेक्टिन आले, आणि रोजची गोळी व्यवहारातून निघून गेली.

तिच्याबरोबर तपासणीची सक्तीही सैल झाली. नव्या गोळीने बाधित कुत्र्याला पूर्वीसारखा धक्का सहसा बसत नसल्याने रक्त न तपासताच गोळी देण्याची सवय लागणे शक्य झाले. इतकेच नव्हे, तर बाधित कुत्र्याला सोमलाऐवजी दरमहा हीच गोळी देत राहावे, दोन-अडीच वर्षांत कृमी आपोआप संपतील, असाही एक स्वस्त मार्ग काहींनी धरला. त्या काळात फुप्फुसाचे नुकसान चालूच राहते. शिवाय रक्तातील सूक्ष्म कृमींची प्रचंड संख्या वारंवार अल्प मात्रेला सामोरी जाते, आणि ज्यांना औषध बाधत नाही असे कृमी निवडले जाण्यास अवसर मिळतो.

५

महिन्याची गोळीही विसरली जाते, असा अनुभव आला. त्यावर उपाय म्हणून मॉक्सिडेक्टिन हे औषध सूक्ष्म गोलकांत भरून कातडीखाली टोचण्याची रीत निघाली. गोलकांतून ते हळूहळू झिरपत राहते. अमेरिकेत सहा महिन्यांची ही सुई २००१ साली मान्य झाली. येथे आठवण ठेवण्याची जबाबदारी घराकडून पशुवैद्याच्या नोंदवहीकडे गेली. सोयीच्या दृष्टीने ही पायरी मोठीच होती.

तथापि सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे ही सुई बाजारातून मागे घेण्याची विनंती कंपनीला केली, आणि कंपनीने ती मागे घेतली. २००८ साली ती निर्बंधांसह परत आली. २०१९ साली वर्षभर पुरणाऱ्या सुईसही मान्यता मिळाली. या चार वर्षांच्या खंडातून एक मुद्दा अगदी स्पष्ट होतो. रोजची गोळी बाधू लागली तर उद्यापासून थांबविता येते. महिन्याची गोळी पुढील महिन्यात थांबविता येते. टोचलेली सुई परत काढून घेता येत नाही. मुदत जितकी लांब, तितकी विसरण्याची भीती कमी. परंतु निर्णय फिरविण्याची मोकळीकही तितकीच कमी. रोजच्याकडून वार्षिकाकडे जाणारा क्रम केवळ प्रगतीचा नाही, असे जे आरंभी सूचित केले, त्याचा आधार हाच आहे. प्रत्येक पायरीवर एक धोका देऊन दुसरा घेतला गेला आहे.

६

तिसरा धोका या सर्व मुदतींच्या पलीकडचा आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातून, गोळी देऊनही कुत्र्याला कृमी झाल्याच्या तक्रारी वाढल्या. त्यांचे पहिले स्पष्टीकरण मालकाच्या विसराळूपणाचे होते, आणि पुष्कळ ठिकाणी ते खरेही असले पाहिजे. म्हणूनच कृमींत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे हे मान्य होण्यास विलंब लागला. ‘तुम्ही गोळी चुकविली असेल’ या उत्तराने दोष घराकडे जात होता आणि औषधाची तपासणी टळत होती. अखेर औषधाला दाद न देणारे कृमी प्रयोगशाळेतील कुत्र्यांत वाढवून, पूर्ण नियमाने औषध देऊनही ते टिकतात असे सिद्ध करण्यात आले. २०१४ साली या प्रकारचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज प्रचारात असलेली सर्व प्रतिबंधक औषधे एकाच रासायनिक कुळातील आहेत. गोळी, थेंब आणि सुई यांत निवड करणारा मनुष्य वस्तुतः एकाच कुळातील द्रव्यांची निवड करीत असतो, ही गोष्ट पर्यायांच्या विपुलतेमुळे झाकली जाते. अमेरिकेतील हृदयकृमीविषयक संस्था (स्थापना १९७४) वर्षभर औषध आणि दरवर्षी तपासणी यांचा आग्रह धरते, आणि डासांना दूर ठेवण्याच्या उपायांनाही आता महत्त्व देते, ते या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे. १९०० साली कळलेल्या डासाकडे प्रतिबंधशास्त्र सुमारे एका शतकानंतर परत आले आहे.

७

आपल्या देशाच्या संदर्भात या इतिहासाचा उपयोग कोणता? पहिली गोष्ट अशी की, अमेरिकेतील निवड जशीच्या तशी येथे आणता येत नाही. हृदयकृमीच्या नोंदी भारतात प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांतून येतात. देशाच्या इतर अनेक भागांत कातडीखाली राहणारा डायरोफायलेरिया रेपेन्स हा त्याचा भाऊबंद अधिक आढळतो, आणि पिसवांमार्फत पसरणारा तिसराच एक निरुपद्रवी कृमीही रक्तात दिसतो. या तिघांचे सूक्ष्म कृमी नवशिक्या डोळ्यास सारखेच भासतात. तेव्हा रक्तात कृमी दिसला एवढ्यावरून हृदयकृमीचे निदान करणे, किंवा शेजाऱ्याने आणली म्हणून गोळी आणणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अविचाराच्या होत.

दुसरी गोष्ट अधिक व्यापक आहे. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी भारतात २००४ पासून डायएथिलकार्बामाझीनची वार्षिक मात्रा सर्व लोकसंख्येस देण्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. तेथेही अडचण औषधाच्या गुणाची नव्हती. वाटलेली गोळी गिळली जात नव्हती, ही होती. म्हणून कार्यकर्त्याच्या समोर गोळी घ्यावयास लावण्यावर भर देण्यात आला. २०१८-१९ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्र प्रयोग ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत नागपूर जिल्हा होता. सुब्बारावांचे डायएथिलकार्बामाझीन आणि ओमुरांच्या मातीतून निघालेले आयव्हरमेक्टिन ही ज्या औषधांची नावे कुत्र्यांच्या इतिहासात एकामागून एक येतात, ती नागपूरच्या माणसांना एकाच वेळी दिली गेली. कुत्र्याच्या आणि माणसाच्या प्रतिबंधाचा प्रश्न मुळात एकच आहे, याची याहून वेगळी साक्ष नको.

सारांश, हृदयकृमीच्या प्रतिबंधाची पद्धत निवडताना औषध किती प्रभावी, हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे. वेळेवर दिलेली बहुतेक औषधे बहुतेक ठिकाणी प्रभावी आहेत. त्याआधी तीन प्रश्न येतात. या प्रदेशात कोणता कृमी आहे? या कुत्र्याचे रक्त तपासले आहे काय? आणि या घरात आठवण कोण ठेवणार आहे? ज्या घरात महिन्याची तारीख पाळली जाते, तेथे गोळी पुरे आणि निर्णय फिरविण्याची मोकळीकही शाबूत राहते. जेथे ती पाळली जाणार नाही हे प्रामाणिकपणे मान्य आहे, तेथे प्रकृती तपासून टोचलेली सुई अधिक शहाणपणाची. परंतु कोणतीही पद्धत निवडली तरी वार्षिक तपासणी सोडता येत नाही. रोजच्या गोळीने भीतीपोटी लावलेली ती शिस्त, भीती गेल्यावर आपण सोडून दिली. आणि औषध निकामी होत असल्याची पहिली खूण त्या तपासणीतच सापडावयाची असते. गोळीने कधी दगा दिला, हे कुत्रा आपल्याला सांगू शकत नाही. ते रक्ताच्या थेंबालाच विचारावे लागते.